भजी थांबली, घूं राहिला

"काका, कढईत भजी सोडल्यासारखा आवाज येतो," म्हणत त्याने पेटी माझ्या बाकावर ठेवली. साठच्या दशकातला अमेरिकन गिटार-ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, व्हॉल्व्हवर म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, २२ वॅटचा, मामाने न्यू जर्सीहून पाठवलेला. तक्रारी दोन : ही तळणी, आणि घरी सतत एक घूं. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. सगळे व्हॉल्व्ह नवे घातले होते, पैसे गेले आणि भजी चालूच. रोग कळला नाही की आमच्या धंद्यात आधी व्हॉल्व्ह बदलतात.

घूं असला की मी गिटारच मागतो. सगळ्यात जाड तारेवर तिसरा पडदा वाजवायचा. तो सूर ९८ हर्ट्झचा. आपली वीज ५० हर्ट्झची, एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या पुढे तिची गुरगुर १०० ची होते. घूं त्या सुराशी जुळला तर ती गुरगुर गाळणारे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत असं धरायचं. एक सप्तक खाली असला तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी, अर्थ, असलं काहीतरी. पण माझ्या बाकावर घूं आलाच नाही. बाकावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे, ॲम्पला भिंतीतल्या विजेपासून सुटा ठेवणारा, आणि चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, उघडली की तिला अर्थची क्लिप लावायचा माझा हात बसलेला. ॲम्पची मूळची दोन पिनांची वायर मी पाहिली, "नंतर बघू" म्हणालो आणि भज्यांच्या मागे लागलो.

वीस मिनिटं तापल्यावर तडतड सुरू झाली. गिटार काढली, सगळी बटणं शून्यावर आणली, तरी तीच. म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पुढे. मग एकेक व्हॉल्व्ह उपसत मागून पुढे आलो. फेज इन्व्हर्टर, म्हणजे शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या आधीचा, काढला, शांत. तो परत बसवून त्याच्या आधीचा काढला, शांत. त्याच्याही आधीचा काढला तर तडतड तशीच. मुक्काम सापडला : तो मधला व्हॉल्व्ह. तिथे दुसरा व्हॉल्व्ह घालून पाहिला, फरक शून्य. उरले त्या व्हॉल्व्हच्या प्लेटला वीज पोचवणारे रेझिस्टर, एक लाख ओहमचे, जुन्या कार्बन कॉम्पोझिशनचे. मीटरवर दोन्ही ठणठणीत. मीटर बिचारा त्यांना एखाददुसरा व्होल्ट लावून बघतो. ॲम्पमध्ये त्यांच्यावर शंभराच्या घरात व्होल्ट असतात, आणि तडतड तेव्हाच होते.

आत चारशेवर व्होल्ट होते. डावा हात पाठीमागे, उजव्या हातात बांबूची काडी. टकटक करून पाहिलं, काही नाही. मग गार करायच्या स्प्रेची नळी एका रेझिस्टरवर धरली आणि बारीक फवारा मारला. कढईवर झाकण टाकावं तसा आवाज दबला. चार-पाच सेकंदांनी हळूहळू परत वर आला. पुन्हा फवारा, पुन्हा शांत. खरं सांगतो, या क्षणासाठीच मी हा धंदा करतो. बंद केला, कपॅसिटर रिकामे केले, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला एक वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर टाकला. किंमत दोन-तीन रुपये.

दुसऱ्या दिवशी फोन. "काका, भजी थांबली. घूं आहेच."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तिसरा पडदा वाजवायला लावला. घूं बरोबर एक सप्तक खाली. "पण गिटारच्या तारेला हात लावला की कमी होतो," तो म्हणाला, जणू ही चांगली बातमी. तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. "भाऊ, ती पेटी पुसताना हाताला मुंग्या येतात हो. याला सांगितलं तर म्हणतो, भास होतो तुला."

मी कप खाली ठेवला. चॅसीच्या स्क्रूला टेस्टर टेकवला, पेटला. चॅसी आणि भिंतीतला अर्थ यांच्यामध्ये मीटर लावला : ११८ व्होल्ट. ॲम्पच्या मागचा ग्राउंडचा स्विच उलटा केला : २३०च्या आसपास.

अशा जुन्या ॲम्पमध्ये विजेच्या एका तारेपासून (कोणत्या, ते तो मागचा स्विच ठरवतो) चॅसीपर्यंत एक छोटा कपॅसिटर असतो, घूं कमी करायला. अमेरिकेतले मेकॅनिक त्याला सरळ मृत्यूचा कपॅसिटर म्हणतात. अमेरिकन ॲम्पसाठी आपली वीज उतरवून देणारा पोराचा स्टेपडाउन म्हणजे आत एकच वेटोळं, ऑटोट्रान्सफॉर्मर. २३० चे ११५ करतो, पण घरच्या फेजपासून सुटका करत नाही. त्यात प्लग उलटा. भिंतीत अर्थ होता, पण तो दोन पिनांपाशीच संपत होता. कपॅसिटर शाबूत होता म्हणून नुसत्या मुंग्या. तो शॉर्ट झाला असता आणि पोराने गिटार हातात धरून अर्थ असलेल्या माइकला ओठ लावले असते तर, याचा विचार मी त्याच्यासमोर मोठ्याने केला नाही. दोन पिनांची वायर आदल्या दिवशी मी स्वतः पाहिली होती.

पेटी तशीच उचलून दुकानात आणली. कपॅसिटर कापला, तीन पिनांची वायर घातली, अर्थची तार वेगळ्या बोल्टने चॅसीला आवळली, आणि अर्थ पुढे नेणारा ३०० व्हीएचा आयसोलेशन स्टेपडाउन दिला. त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत तेही त्याला सांगितलं.

रात्री पेटी त्याच्या घरी लावून चालू केली. घूं नव्हता. टेस्टर विझलेला. आईने पदर हाताला गुंडाळून आधी उलटा पंजा पेटीच्या कडेला लावून पाहिला, मग पदर काढून पुन्हा. "नाही येत आता," त्या पोराकडे बघत म्हणाल्या.