कात्रीची निशाणी

मोडी वाचता येणाऱ्याला एक घमेंड असते, की आता कुठलंही जुनं अक्षर अडणार नाही. माझी घमेंड इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या अभिलेखागारात आठवड्याभरात उतरली. इथल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ‘सेक्रेटरी हँड’ लिपीत ‘सी’ दिसतो ‘आर’सारखा, ‘ई’ उलटा आणि ‘एच’ची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली. आता डोळा बसलाय.

माझं काम क्वार्टर सेशन्सच्या कागदांची सूची करण्याचं. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे काउंटीचे स्थानिक न्यायाधीश, वर्षातून चार वेळा न्यायनिवाड्याला बसत; त्या बैठका म्हणजे क्वार्टर सेशन्स. एका बैठकीचे सगळे कागद दोरीत ओवून गुंडाळून ठेवलेले. दिवसाला चाळीस नोंदी व्हायला हव्यात असा आमच्याकडे दंडक आहे. ज्यांनी तो ठरवला त्यांनी एक तरी गुंडाळी स्वतः उलगडली असेल असं मला वाटत नाही.

त्या मंगळवारी हातात आला तो एका शेजाऱ्याविरुद्ध गावाने केलेला अर्ज. असे अर्ज पैशाला पासरी. याची डुकरं नाकात कडी नसल्याने सगळ्यांचं रान उकरतात. हा लोकांची कुंपणं तोडून सरपण नेतो. परवाना नसताना घरी बियर विकतो, आणि दुसऱ्यांचे गडी रात्री तिथे पिऊन पडतात. वळचणीला उभा राहून ऐकतो आणि या घरचं त्या घरी लावतो. (चोरून ऐकणाऱ्यासाठी इंग्रजीत जो ‘ईव्ह्जड्रॉपर’ शब्द आहे, तो मुळात वळचणीचाच. कायद्यात तो गुन्हा होता.) शेवटी हुकमी वाक्य: आम्हाला जिवाची आणि घरांची भीती वाटते. गवताने शाकारलेल्या गावात घरांची भीती म्हणजे आग, हे कोणाला समजावून सांगावं लागत नसे. आणि भीती शपथेवर सांगितली की समोरच्याकडून नीट वागण्याची हमी घेता येत असे. अर्ज लिहिणारा जाणकार होता.

खाली २३ नावं, सगळी लेखकाच्याच हातची. त्यात नवल नाही. नावांपुढे सहीऐवजी फुल्या, आणि एका नावापुढे चक्क कात्री. मी खुर्चीत सरसावून बसले. आपल्या मजहरांवर, म्हणजे जुन्या निवाडपत्रांवर, पाटील नांगराची निशाणी करायचा, तशीच ही.

त्याच गुंडाळीत हमीपत्र निघालं, लॅटिनमधलं. हमी मोडली तर आरोपीवर २० पौंडांचा बोजा, दोन जामीनदारांवर १०-१० पौंडांचा. कुशल कारागिराला तेव्हा दिवसाला साधारण शिलिंगभर मिळे, आणि पौंडाचे शिलिंग वीस, म्हणजे एकेका जामीनदाराची दोनशे दिवसांची कमाई पणाला. एका जामीनदाराचा धंदा लिहिला होता ‘सिसॉर’. इंग्रजी कात्री नव्हे, लॅटिनमध्ये शिंपी. नाव तेच, कात्रीवाल्याचं.

ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्यालाच जामीन? शेजारी बसणारे सहकारी मान वर न करता म्हणाले, “बाप-लेक असतील.” असतीलही. तिथे नावांचा दुष्काळच, दर दुसरा जॉन नाहीतर विल्यम. पण या गृहस्थांकडे कुठल्याही कोड्याचं उत्तर बाप-लेक हेच असतं.

जुन्या सूचीत या गावाचा आणखी एक कागद होता, एप्रिल १६२१चा. आमचा अर्ज जानेवारी १६२०चा. मध्ये पंधरा महिने, म्हणून दोन्ही कधी कोणी शेजारी ठेवलेच नव्हते. पण १७५२पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यांचा जानेवारी १६२० म्हणजे आपला १६२१! अंतर तीन महिन्यांचं. जुनी सूची करणाऱ्याने ही चूक किती ठिकाणी केली आहे ते आता मला निस्तरायचंय.

दुसरा कागद उलट अर्ज निघाला. हा मनुष्य गरीब, प्रामाणिक आहे, काहींनी आकसापोटी त्याला त्रास दिलाय. खाली ११ नावं. त्यातली सहा आधीच्या अर्जातलीच. आणि कात्री.

दोन्ही कात्र्या भिंगाखाली धरल्या. पहिली मजकुराच्याच शाईची, सफाईदार, हात न उचलता काढलेली. दुसरीचं एक पातं लांब, एक आखूड. टाक दाबल्यामुळे बिजागरीपाशी शाईचा डाग, आणि मायफळाच्या त्या शाईने तिथे कागद खाऊन बारीक भोक पाडलंय. दुसरी शिंप्याने स्वतः काढली, यावर मी पैज लावीन. पहिली लेखकाने. त्याला विचारून काढली, की शिंप्याची निशाणी गावाला माहीतच आहे म्हणून ठोकून दिली? की त्याने खरंच तक्रार केली, आणि मित्रावर तुरुंगाची पाळी येताना पाहून पाय मागे घेतला? बाकीच्या पाच जणांच्या नुसत्या फुल्या. फुलीवरून काय कळणार?

सूचीत नोंद एका ओळीची. मी लिहिलं, ‘रहिवाशांच्या नावाने केलेला अर्ज’. वरिष्ठांनी ‘रहिवाशांचा अर्ज’ केलं, इतर नोंदींशी जुळावं म्हणून. दोन्ही कागदांचा एकमेकांना संदर्भ मात्र जोडलाय, तो त्यांनी राहू दिला. त्या दिवशी माझ्या चाळीसपैकी नऊ नोंदी झाल्या.