एकेचाळीस पार्सलं अजून बाकी

"मावशी, ओटीपी!" मी तिसऱ्यांदा म्हणालो.

सोलापूरजवळच्या कुंभारीचं गोदूताई विडी घरकुल, विडी कामगार बायकांची वसाहत. 10,000 घरं, सगळी एकसारखी. मॅपचा ठिपका भलत्याच गल्लीत. गाडीत अजून 41 पार्सलं, तीही सकाळी हाताला येतील तशी कोंबलेली. (शेवटी द्यायचं ते आधी भरायचं, हे आज चौथ्या दिवशी कळलं.)

मावशींच्या मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं नि तंबाखू. बोटं थांबेनात. मोबाईल माझ्याकडे सरकवला, "तूच बघ." मग उठून तांब्या आणला.

"आदी पाणी पी. मला बी आज हजार वळायच्यात, म्हणून काय पाणी प्यायचं न्हाई व्हय?"

ॲपवर त्या पत्त्याला 9 मिनिटं लागलेली दिसतायत. उद्या विचारतील. काय सांगू?