तुम्ही विचारलंत म्हणून: गामाच्या नावाचा क्लब मला का आवडतो

काळा टी-शर्ट, छातीवर तिरका पांढरा पट्टा आणि त्यावर लाल क्रूस. हा शर्ट अंगात असला की प्रश्न ठरलेला. आधी विचारतात, "वास्को म्हणजे गोव्यातला ना?" नाही, ब्राझीलमधला, रिओचा फुटबॉल क्लब, असं सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि मग खरा प्रश्न येतो. "म्हणजे त्याच वास्को द गामाच्या नावाचा? आणि तुम्हाला ते चालतं?"

प्रश्न रास्त आहे, आणि सावंतवाडीच्या माणसाला तो विचारला जावा हेही बरोबरच. 1498 साली कालिकतला उतरलेला हा दर्यावर्दी 1502 मध्ये परत आला, तेव्हा त्याने मक्केहून येणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज लुटलं आणि माणसांसकट पेटवून दिलं. त्यावर बायकामुलंही होती. त्याच्या मागून जे राज्य आलं त्याने गोव्यात साडेचारशे वर्षं काय केलं, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्या माणसाबद्दल मला काडीचं प्रेम नाही. माझं प्रेम आहे क्लबवर, आणि त्याचं मूळ 1924 सालच्या एका पत्रात आहे.

क्लबची स्थापना 21 ऑगस्ट 1898 ची, रिओच्या बंदरालगतच्या साउदे वस्तीतली. जमलेले बासष्ट जण बहुतेक पोर्तुगालहून पोट भरायला आलेले, दुकानांत आणि पेढ्यांवर गुमास्तेगिरी करणारे तरुण. फुटबॉलचं नावही नव्हतं. तेव्हा रिओत चलती होती ती वल्हवण्याच्या शर्यतींची, त्यामुळे हा क्लब नौकांचा. आजही त्याच्या अधिकृत नावात 'रेगाटास', म्हणजे नौकांच्या शर्यती, आहे. त्या वर्षी गामाच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून पोर्तुगीज लोक सगळीकडे उत्सव करत होते, आणि घरापासून लांब पडलेल्या या पोरांनी तेच नाव उचललं. माझ्या मते त्यांच्या डोक्यात कालिकत नव्हतंच. सुटलेला गाव होता.

सहा वर्षांनी, 1904 मध्ये, या क्लबने कांदिदो जोझे द अराउजो यांना अध्यक्ष निवडलं. ते मिश्रवंशीय होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती 1888 मध्ये, म्हणजे जेमतेम सोळा वर्षांपूर्वी. रिओतल्या इतर बड्या क्लबांच्या दारातून काळा माणूस आत जायचा तो नोकर म्हणून. अशा शहरात सभासदांनी मतं देऊन त्यांना अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलं.

फुटबॉल आला 1915 मध्ये. शेवटच्या विभागातून सुरुवात करून 1922 मध्ये दुसरा विभाग जिंकला आणि 1923 मध्ये वास्को रिओच्या पहिल्या विभागात आला. तिथे फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो, अमेरिका हे प्रतिष्ठितांचे क्लब होते. खेळाडू कोण, तर वकील-डॉक्टर होऊ घातलेले, बड्या घरचे मुलगे. वास्कोचा गोलरक्षक नेल्सन दा कोन्सेसांव टॅक्सी चालवायचा. सेसी रंगारी होता, निकोलिनो गोदीतला हमाल. संघात काळे होते, मिश्रवंशीय होते, गरीब गोरेही होते. रामोन प्लातेरो नावाचा उरुग्वेचा प्रशिक्षक त्यांना रोज पळवून घामाघूम करायचा, आणि दुसऱ्या अर्ध्यात समोरचे दमले की हे सुटायचे. चौदा सामन्यांत अकरा विजय, दोन बरोबरी आणि एकच हार, तीही फ्लामेंगोकडून 3-2 अशी. पहिल्याच वर्षी विजेते.

हा खेळ तेव्हा कागदोपत्री हौशी होता. पैसे घेऊन खेळणं हा गुन्हा. वास्कोचे खेळाडू पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या दुकानांत कामाला आहेत असं दाखवलं जायचं आणि जिंकल्यावर समर्थक त्यांच्या हातावर बक्षीस ठेवायचे. बक्षिसाच्या रकमांना प्राण्यांची नावं होती, कारण जोगो दु बिशू हा तिथला मटका प्राण्यांवरच चालतो. नियम मोडला जात होता, हे खरं. पण ज्याला दुपारी सरावाला यायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्याने हौशी राहायचं कसं, याचं उत्तर नियम करणाऱ्यांकडे नव्हतं. ज्यांच्या घरी खायची ददात नव्हती त्यांनीच हौसेची व्याख्या केली होती.

मग आडून वार सुरू झाले. खेळाडूला स्वतःच्या हाताने अर्ज भरता यायला हवा, सही करता यायला हवी, अशी अट आली. वास्कोने अट मान्य केली आणि खेळाडूंना अक्षरं शिकवायला बसवलं. पास्कोआल नावाच्या आघाडीच्या खेळाडूचं आडनाव होतं सिनेली. ते काही केल्या हाताला वळेना, म्हणून त्याने सोपं म्हणून 'सिल्वा' लावलं, असं सांगतात. संघातला बिनीचा गडी, हजारो लोक ज्याच्या नावाने ओरडतात, तो संध्याकाळी दिव्याखाली आपलंच नाव गिरवतोय. या क्लबच्या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त भिडते ती ही गोष्ट.

एवढ्यानेही भागलं नाही, तेव्हा 1924 मध्ये बड्या क्लबांनी जुनी संघटना सोडून आपली नवी काढली. नाव आमेआ, अध्यक्ष आर्नाल्दो गिन्ले. वास्कोला आत घ्यायला ते तयार होते, पण खेळाडूंच्या पेशांची चौकशी करून त्यांनी एक यादी काढली होती. यादीतले बारा खेळाडू काढून टाका, मग या. शिवाय वास्कोला स्वतःचं धड मैदान नाही, हेही सुनावलं होतंच.

7 एप्रिल 1924 रोजी वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी गिन्ले यांना उत्तर लिहिलं. ब्राझीलमध्ये ते 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखलं जातं. पत्र लहान आहे, भाषा सभ्य आहे, एकही चढा शब्द नाही. बारा खेळाडूंना काढण्याची अट संचालक मंडळाने एकमताने नाकारली आहे, असं ते सांगतात. ज्या पद्धतीने या खेळाडूंच्या सामाजिक स्थितीची चौकशी झाली तिच्यात त्यांना बाजू मांडायला वावच नव्हता, असं म्हणतात. आणि मग येतं ते वाक्य: हे बाराही जण तरुण आहेत, जवळजवळ सगळे ब्राझीलचे आहेत, त्यांची कारकीर्द आत्ता कुठे सुरू होते आहे. त्यांना जाहीर डाग लागेल असं कृत्य, ज्या घराने त्यांना आसरा दिला त्या घराचे कारभारी कधीही करणार नाहीत. ज्या निशाणाला त्यांनी कीर्ती मिळवून दिली त्या निशाणाखाली तर नाहीच. सबब आम्ही आमेआत येत नाही.

पत्रात कातडीच्या रंगाचा उल्लेख नाही, आणि त्यावरून वाद घालणारे आहेत. वाद हौशी-व्यावसायिक असा होता, वंशाचा नव्हता, असं ते म्हणतात. मला हे पटत नाही. यादीत नावं कुणाची होती ते पाहिलं की पुरे. दुसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो: काळे खेळाडू खेळवणारा वास्को हा पहिला क्लब नव्हे. रिओतल्याच बांगू या कापडगिरणीच्या क्लबकडून फ्रान्सिस्को कारेगाल 1905 मध्येच खेळला होता. वास्कोचे काही समर्थक हे विसरतात, आणि ते विसरू नये. पण काळ्यांना घेऊन खेळणं वेगळं आणि जिंकून झाल्यावर, समोर मोठेपणाची खुर्ची मांडलेली असताना, ती नाकारून त्यांच्या मागे उभं राहणं वेगळं. वास्कोने ते वर्ष मागे उरलेल्या दुबळ्या स्पर्धेत काढलं. पुढच्या वर्षी, 1925 मध्ये, आमेआने त्यांना आत घेतलं.

मैदान नाही म्हणता? मग मैदान बांधू. सभासद वाढवायची मोहीम निघाली, वर्गणी जमली. 6 जून 1926 रोजी कोनशिला बसली आणि 21 एप्रिल 1927 ला साओ जानुआरिओ उभं होतं. अकरा महिनेही लागले नाहीत. सरकारचा पैसा नव्हता, एखाद्या धनाढ्याचं दानही नव्हतं. दुकानदारांचे, गुमास्त्यांचे, कामगारांचे पैसे होते. 1930 मध्ये उरुग्वेत सेंतेनारिओ होईपर्यंत दक्षिण अमेरिकेत यापेक्षा मोठं फुटबॉल स्टेडियम नव्हतं. उद्घाटनाच्या सामन्यात सांतोसने वास्कोला 5-3 हरवलं, पण त्याचं कुणाला फार दुःख झालं नसावं.

पुढे या मैदानावर फुटबॉलपलीकडचंही बरंच घडलं. 1 मे 1940 रोजी राष्ट्राध्यक्ष झेतुलिओ वार्गास यांनी देशातलं पहिलं किमान वेतन इथेच कामगारांसमोर जाहीर केलं. संगीतकार व्हिला-लोबोस यांनी हजारो शाळकरी मुलांची वृंदगायनं इथे बसवली. वार्गास हुकूमशहा होते आणि गर्दी जमवायला त्यांना मोठी जागा हवी होती, हेही त्याच इतिहासात येतं.

चाळीसच्या दशकातल्या संघाला 'विजयाची एक्स्प्रेस' म्हणत. 1948 मध्ये चिलीत सांतियागोला दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली. निर्णायक सामन्यात समोर अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट क्लब, त्यात लाब्रुना आणि तरुण दि स्तेफानो. वास्कोला बरोबरी पुरेशी होती. 0-0 वर सामना सुटला आणि वास्को खंडाचा विजेता झाला. लाब्रुनाची पेनल्टी अडवली होती मोआसिर बार्बोझाने.

बार्बोझाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. 1950 च्या विश्वचषकात ब्राझीलच्या संघाचा कणा वास्कोचाच होता. प्रशिक्षक फ्लाव्हिओ कोस्ता वास्कोचे. उरुग्वेविरुद्ध उतरलेल्या अकरांत बार्बोझा, आउगुस्तो, दानिलो, आदेमिर आणि शिको हे पाच वास्कोचे. 16 जुलैला रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला विश्वविजेते व्हायला बरोबरी पुरेशी होती. 79 व्या मिनिटाला घिज्जियाने जवळच्या खांबाच्या आतून चेंडू मारला आणि उरुग्वे 2-1 ने जिंकलं. खापर फुटलं ते मुख्यतः तिघांवर, बार्बोझा, बिगोदे आणि जुवेनाल. तिघेही काळे. त्यानंतर 2006 मध्ये दिदा येईपर्यंत विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक काळा नव्हता. वीस वर्षांनी एका दुकानात एका बाईने आपल्या मुलाला बोट दाखवून सांगितलं, बघ, सगळ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हा. हे खुद्द बार्बोझाच सांगायचा.

देशाने त्याला असं वागवलं. क्लबने त्याला गोलमध्ये उभं ठेवलं. त्याच मोसमात त्याने वास्कोबरोबर रिओची स्पर्धा जिंकली. एप्रिल 1951 मध्ये वास्को उरुग्वेत माँतेव्हिदेओला पेन्यारोल या तिथल्या क्लबशी खेळायला गेलं, आणि पेन्यारोलमध्ये घिज्जिया, स्कियाफिनो, ओब्दुलिओ वारेला असे विश्वविजेते होते. वास्को 3-0 ने जिंकलं. परतीच्या सामन्यात माराकानावर 2-0. विश्वचषक काही त्याने परत आला नाही, पण मी तो निकाल जेव्हा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. बार्बोझा वारला 7 एप्रिल 2000 रोजी. त्या पत्राचीच तारीख. क्लबच्या सराव केंद्राला आज त्याचं नाव आहे.

त्यानंतरचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. रोबेर्तो दिनामितेचे शेकडो गोल. 1974, 1989, 1997 आणि 2000 ची राष्ट्रीय विजेतेपदं. नेमकं शंभरावं वर्ष असताना 1998 मध्ये जिंकलेली लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. डिसेंबर 2000 मध्ये मेर्कोसुल चषकाच्या अंतिम सामन्यात पाल्मेइरासच्या मैदानावर मध्यंतराला 3-0 ने मागे असून 4-3 ने जिंकले, रोमारिओचे तीन गोल. मग उतरती कळा. 2008 ते 2020 या काळात चार वेळा दुसऱ्या विभागात घसरण. 2022 मध्ये फुटबॉल कंपनीचा 70 टक्के हिस्सा एका अमेरिकी गुंतवणूकदाराला विकला, आणि दोन वर्षांत न्यायालयाने त्यांच्या हातून कारभार काढून घेतला. हे सगळं सकाळी सहाला उठून पाहिलंय. तिकडच्या रात्री साडेनऊच्या सामन्याची आपली वेळ तीच.

नावाचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. स्टेडियमच्या भिंतीला लागून बारेरा दु वास्को नावाची झोपडवस्ती आहे. जून 2023 मध्ये एका पराभवानंतर मैदानात दंगल झाली आणि न्यायालयाने ते प्रेक्षकांसाठी बंद केलं. न्यायालयापुढच्या अहवालात ही वस्ती शेजारी आहे, हेच धोक्याचं कारण म्हणून मांडलं होतं. सामन्याच्या दिवशी बिअर, खाणं, शर्ट विकून घर चालवणाऱ्यांची कमाई बंद पडली. वस्तीतले लोक आणि समर्थक एकत्र रस्त्यावर आले, सप्टेंबरमध्ये दारं उघडली. त्या लोकांच्या तोंडी असलेलं 'वास्को' कालिकतच्या किनाऱ्यावरून आलेलं नाही. ते नेल्सन, सेसी, निकोलिनो आणि बार्बोझा यांनी कमावलेलं आहे. गामाचा गुन्हा त्याने पुसला जात नाही, आणि मला पुसायचाही नाही. पण ज्यांनी ते नाव आपलं केलं त्यांना, तुमचं नाव बदला, असं मी सावंतवाडीत बसून सांगणार नाही.

आता साओ जानुआरिओ नव्याने, मोठं बांधायचं घाटतंय. रिओच्या नगरपालिकेने 2024 मध्ये त्यासाठी कायदाही केला. व्हायला हवंच, जुन्या बांधकामाची पार दशा झाली आहे. मला काळजी आहे ती तिकिटाच्या दराची. माराकाना नवं झालं तेव्हा स्वस्तातल्या उभ्याच्या जागा गेल्या आणि त्यांच्याबरोबर तिथे उभे राहणारेही गेले. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या मैदानावर बारेराच्या माणसाला परवडेल असं तिकीट राहिलं पाहिजे, आणि ते आत्ताच, आराखडा कागदावर असतानाच, ठरवून घेतलं पाहिजे.