भाची आणि आपलं विद्यापीठ

आज बहिणीची पोरगी साताऱ्याहून आली, एमएस्सीला इथं नागपूर विद्यापीठात अ‍ॅडमिशन घ्यायची म्हणते, तर सकाळी तर्री पोहे खाऊ घालून तिला घेऊन निघालो. गाडीवर मागे बसून पहिला प्रश्न, "मामा, कॅम्पस नेमका कुठून सुरू होतो?" आता काय सांगावं! एकच मोठं गेट असलं तर दाखवता येते ना. जुनं ऑफिस सिव्हिल लाइन्समधी, कॅम्पस अमरावती रोडवर, लॉ कॉलेजचा तर चौकच होऊन गेला. ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं म्हटल्यावर म्हणते, "म्हणजे शंभरच्या वर!" माजी पंतप्रधान नरसिंह राव कायदा नागपुरातच शिकले, हे मात्र तिला पटेचना, गूगल करून पाह्यलं पोरीनं. २००५ मधी तुकडोजी महाराजांचं नाव लागलं पण ऑटोवाल्याला अजूनबी नुसतं 'युनिवर्सिटी' म्हटलं की पुरते. मंग झिरो माइलच्या दगडी खांबापाशी नेलं, तिथल्या चार घोड्यांच्या पुतळ्यांसोबत सेल्फी काढून झाले, आणि ऊन असं की डोक्याला बांधलेला दुपट्टासुद्धा तापला. मी म्हटलं बाई, हा तर जून आहे, मे मधी आली असतीस तर? आता कूलरसमोर बसून फॉर्म भरून राहिली, होस्टेलमधी कूलर असते का विचारते.