नाकाने घेतलेली गाडी

एक पाय जमिनीवर, एक पाय गाडीच्या पायरीवर अशा अवस्थेत आई थांबल्या, नाक जरासं वर केलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या गोधड्या वाळलेल्या दिसत नाहीत."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गुहागरच्या. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे लेस्टरला आलेल्या. आणि गाडी म्हणजे मोटरहोम, आत झोपायची-रांधायची सोय असलेलं चाकांवरचं घर, सेकंडहँड, लिंकनशायरमधल्या एका डीलरच्या यार्डात आणखी तीस-चाळीस गाड्यांच्या रांगेत उभी. आत गोधड्या वगैरे काही नव्हत्या. बेज रंगाच्या गाद्या होत्या, त्यावर चार उशा हॉटेलसारख्या टोकावर उभ्या केलेल्या, आणि लव्हेंडरच्या स्प्रेचा इतका घमघमाट की माझं डोकं भणभणायला लागलं. त्या लव्हेंडरच्या खालून आईंना गोधडीचा वास आला.

हे मोटरहोमचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात लॉकडाऊनमध्ये शिरलं ते निघालंच नाही. आधी नुसते व्हिडिओ बघणं होतं, मग फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या एनईसी ह्या प्रदर्शन केंद्रात जो मोठा शो भरतो तिथे जाऊन नव्या गाड्यांच्या किमती बघून गप्प बसणं, मग "सेकंडहँड बघायला काय हरकत आहे". मला पटलं ते वेगळ्या कारणाने. आई बाहेरचं फारसं खात नाहीत. मागच्या वेळी स्कॉटलंडला गेलो होतो तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाच्या चटणीवर चार दिवस काढलेत आम्ही, आणि बेड अँड ब्रेकफास्टच्या खोलीत केटलमध्ये आमटी गरम करायचा प्रयोग झाला त्याबद्दल न बोललेलंच बरं. तेव्हा चाकांवर का होईना पण गॅस आणि ओटा असलेलं काहीतरी, एवढंच माझं म्हणणं.

आता डीलरकडूनच का घ्यायची, कुणा म्हाताऱ्या जोडप्याकडून थेट घेतली तर दोन-तीन हजार पौंड वाचतात की, हा वाद घरात महिनाभर चालला. त्यात मी जिंकले. इथे २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट आहे, त्याप्रमाणे डीलरकडून घेतलेल्या वस्तूत मूळचाच मोठा दोष निघाला तर ३० दिवसांच्या आत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि नंतरही सहा महिन्यांपर्यंत दोष निघाला तर तो आधी नव्हताच हे सिद्ध करायची जबाबदारी डीलरवर. खाजगी माणसाकडून घेतली की मात्र जशी आहे तशी, आपलं नशीब. शिवाय किंमत ३०,००० पौंडांच्या आत असेल आणि बयाणा का होईना क्रेडिट कार्डाने भरलेला असेल तर पुढे फसवणूक झाल्यास कार्डवाली बँकही जबाबदार धरता येते, हा १९७४ चा कायदा आहे. यार्डात बऱ्याच गाड्यांवर २९,९९५ असे आकडे दिसतात. बाटाच्या चपलांची आठवण आली मला.

तर ती लिंकनशायरची गाडी. कागदावर सोन्यासारखी होती. २०११ ची, फक्त २६ हजार मैल चाललेली. मोटरहोमचं हे असंच असतं, वर्षातले दहा-अकरा महिने दारात उभी आणि उन्हाळ्यात दोन ट्रिपा. नंबर टाकून सरकारी साइटवर जुन्या सगळ्या एमओटी, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासण्या, फुकट बघता येतात, दर वर्षीचं मीटर रीडिंग सुद्धा, ते सगळं नवऱ्याने छापून फाइल करून आणलेलं. खालची गाडी, म्हणजे इंजिन आणि चाकं, फियाट डुकाटो. आईंना फियाट म्हटल्यावर जरा ओळखीचं वाटलं, "म्हणजे आपल्या मुंबईच्या टॅक्सीतली का?" म्हटलं हो, त्याच घराण्यातली, फक्त ही कुर्ल्याची नाही, इटलीतल्या आतेसा गावची. त्याच कारखान्यातून पेजो आणि सिट्रोएनच्या नावानेही हीच व्हॅन निघते, बिल्ला तेवढा वेगळा. नवरा बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला, कारण ह्या मॉडेलमध्ये काचेखालच्या पट्टीतून पावसाचं पाणी थेट इंजिनवर गळतं अशी ख्याती आहे, आणि सुरुवातीच्या गाड्या रिव्हर्समध्ये हिवताप आल्यासारख्या थरथरायच्या. त्याचं सगळं लक्ष इंजिनात. म्हणजे ज्या भागाला गॅरेजवाला कुठेही पैसे घेऊन दुरुस्त करून देतो त्या भागात.

खरं दुखणं वरच्या, राहायच्या डब्यात असतं. तो डबा अखंड नसतो, पत्रे आणि फायबरचे तुकडे जोडून केलेला असतो, सांध्यांवर पट्टी आणि पट्टीखाली सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, आणि जुन्या गाड्यांच्या भिंतींच्या आत लाकडाच्या पट्ट्या. सीलंट दहा-बारा वर्षांत वाळतं, चिरतं. मग एका केसाएवढ्या फटीतून इंग्लंडचा पाऊस, जो पडत नाही नुसता झिरपतो, तो आत जातो आणि भिंतीच्या पोटात बसून राहतो. बाहेरून भिंत चकचकीत. म्हणून दर वर्षी डॅम्प टेस्ट, म्हणजे ओलीची तपासणी, करायची असते, दोन सुया असलेलं छोटंसं यंत्र भिंतीला टोचायचं, ते आकडा दाखवतं. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं की सावध व्हायचं, ३० च्या वर म्हणजे आतलं लाकूड सडायला लागलंय असं धरून चालायचं.

"टेस्ट झालेली आहे, रिपोर्ट ऑफिसात आहे," सेल्समन म्हणाला. मग रिपोर्ट सापडेना. मग सापडला तो दीड वर्षापूर्वीचा. "बरेच दिवस बंद होती ना गाडी, म्हणून जरा वास, खिडक्या उघडल्या की जाईल, डक." ह्या भागात कुणालाही प्रेमाने डक म्हणतात. आईंनी आमच्या मुलाला विचारलं, "हा मला बदक का म्हणतोय रे?"

आणि मग त्या कामाला लागल्या. मी आजपर्यंत अनेक लोकांना गाड्या बघताना बघितलंय, टायरला लाथ मारणारे, दार आपटून आवाज ऐकणारे. पण असं कुणी बघितलेलं बघितलं नव्हतं. पर्स माझ्याकडे दिली, चपला काढल्या, गाडीत अनवाणी चढल्या. समोरून सुरुवात केली. एकेक कपाट उघडायचं, डोकं आत, एक श्वास, बंद. गादी उचलायची, खालच्या फळीवर तळहात ठेवायचा, दोन सेकंद थांबायचं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवून बोट नाकाला. तोंडाने काही बोलत नव्हत्या. मागच्या बाजूला पोचल्या, पलंगावरचं कोपऱ्यातलं कपाट उघडलं आणि डोकं आत घालून म्हणाल्या, "हे बघ. इथून येतंय." नवऱ्याला हाक मारली, त्याने ऑनलाइन मागवलेलं वीस पौंडांचं यंत्र आणलं आणि टोचलं. कपाटाच्या दाराशी १४. अर्धा हात आत १९. मग २७. अगदी कोपऱ्यात ३४. आईंनी अंगठ्याने तिथली भिंत दाबली तर ती दबली, चहात पडलेलं मारी बिस्कीट दबतं तशी.

"आमच्या माळ्यावर पश्चिमेच्या भिंतीला असंच होतं," आई सेल्समनला मराठीत समजावून सांगत होत्या, आणि तो मान डोलवत होता. "मे महिन्यात शाकारणी केली नाही ना तर जूनमध्ये कळत नाही काही. कळतं ते श्रावणात."

शाकारणी. मी तो शब्द कित्येक वर्षांनी ऐकला. पावसाआधी कौलं उतरवून, फुटकी बदलून परत चढवायची, वर्षातून एकदा, न चुकता. मोटरहोमवाले ह्याला सीलंट रिन्यू करणं म्हणतात आणि त्यावर तासतासभराचे व्हिडिओ करतात.

ती गाडी अर्थातच सोडली. नंतरच्या दोन महिन्यांत पाच-सहा यार्डं पालथी घातली, आई प्रत्येक वेळी बरोबर. काही मजेमजेच्या गोष्टी कळल्या. फोर बर्थ म्हणजे चार जण झोपू शकतात, चार जण बसून जाऊ शकतात असं नाही, कित्येक गाड्यांत बेल्टवाल्या सीटा दोनच असतात, म्हणजे बाकीच्या दोघांनी मुक्कामाच्या ठिकाणी चालत यायचं बहुतेक. टायरला नक्षी भरपूर असली तरी कडेला चार आकडी नंबर वाचायचा, १४११ असेल तर २०११ च्या चौदाव्या आठवड्यातला टायर, म्हणजे नक्षी शाबूत पण रबर म्हातारं. आणि आईंचा संडासावरचा आक्षेप कायम राहिला. ओट्यापासून दीड हातावर संडास, आणि खाली सुटकेससारखी पेटी, ती दोन-तीन दिवसांनी ओढून न्यायची आणि रिकामी करायची. "हे कोण करणार?" त्यांनी विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा गाडीच्या छताकडे बघत होता.

शेवटी नॉटिंगहॅमच्या बाजूला मिळाली एक. लहान यार्ड, मालक स्वतःच दाखवत होता, आणि आई वास घेतायत म्हटल्यावर त्याने न सांगता स्वतःचं यंत्र आणून प्रत्येक कोपरा टोचून दाखवला. कुठेही १३ च्या वर नाही. आईंनी निकाल दिला, "ही गाडी रोज उघडणाऱ्या माणसाची आहे." किमतीत मात्र तो एक पौंड खाली येईना. इथे घासाघीस वेगळी चालते, पैसे कमी करत नाहीत पण कामं पदरात टाकतात, तर चार नवे टायर, टायमिंग बेल्ट, गॅस आणि पाण्याची पूर्ण तपासणी आणि वर्षभराची नवी एमओटी एवढं मिळालं. घ्यायला गेलो त्या दिवशी दोन तास त्याने नुसते व्हॉल्व्ह आणि बटणं समजावली, मुलाने सगळं रेकॉर्ड केलं, आणि नंतर आम्ही यार्डातच नारळ फोडला, चाकाखाली लिंबू. मालकाने फक्त एवढंच विचारलं की लिंबू चारही नव्या टायरखाली का नाही.

आता वाटेल की झालं सगळं. खरी गंमत पुढेच.

आम्ही दोघांनी इथली ड्रायव्हिंग टेस्ट दिली २००९ मध्ये. १ जानेवारी १९९७ नंतर पास झालेल्यांना साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. शेजारचे आजोबा त्याच्या आधीचे, ते ७,५०० किलोची चालवतात आणि आमच्याकडे बघून हसतात, म्हटलं सत्तरी येऊ दे, तुम्हालाही त्यासाठी डॉक्टरकडे जावं लागेलच. तर ३,५०० मध्ये सगळं बसलं पाहिजे, माणसं, पाणी, गॅस, भांडी. ब्रोशरमध्ये रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं त्यात ड्रायव्हर ७५ किलोचा धरलेला असतो. आमचा तसा नाही. आणि आधीच्या मालकाने हौसेने लावलेली कनात, सोलर पॅनल, जादाची बॅटरी, सायकलचा स्टँड, हे त्यात कुठेच नसतं.

पहिल्या ट्रिपची तयारी आईंनी ताब्यात घेतली. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात, चार महिन्यांचं सगळं घरात भरून ठेवायचं, ती ह्या बाईने वेल्सच्या सहा दिवसांसाठी केली. तांदूळ, कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं, दोन कुकर कारण एकात भात आणि एकात वरण, पोळपाट, लोखंडी तवा कारण नॉनस्टिकवर घावन नीट सुटत नाही म्हणे. मी म्हटलं वजन करून घेऊ. गावाबाहेर खडी आणि भंगारवाल्यांसाठी सार्वजनिक वजनकाटा आहे, तिथे ट्रकांच्या रांगेत आम्ही उभे राहिलो, पुढे लोखंडाचा ट्रक, मागे विटांचा, मध्ये आम्ही, पडदे लावलेले. काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी दिली. ३,५६०.

साठ किलो जास्त.

नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी मुलाच्या सायकलकडे, मुलगा तांदळाकडे. आई पुढच्या सीटवर बेल्ट लावून शांत बसलेल्या, पर्स मांडीवर. मग मुलालाच आठवलं की मालकाने व्हिडिओत सांगितलं होतं, पाण्याची टाकी भरून प्रवास करू नका, एक लिटर म्हणजे एक किलो. टाकीत ८० लिटर होतं, आदल्या रात्री आईंनीच भरायला लावलेलं, परक्या गावात पाणी कसं असेल कोण जाणे म्हणून. बाजूला घेऊन नळ उघडला, पाणी गाडीखालून वाहत वाहत विटांच्या ट्रकपर्यंत गेलं. त्याच वेळी मी सीटखालचा कप्पा तपासायला उघडला तर आत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, उचललं तर उचलेना. खलबत्ता. लोखंडी. गुहागरहून विमानात चेक-इन करून आणलेला.

दुसऱ्यांदा काट्यावर चढलो. ३,४८०.

"म्हणजे वीस किलो शिल्लक आहेत," आई म्हणाल्या. "मग राहू दे की तो, बिचारा काय खातोय तुमचं."

राहिला. निघालो तर पहिल्याच राउंडअबाउटला सीटखालून धाड्कन आवाज आला, नवऱ्याने घाबरून ब्रेक मारला, आणि मागच्या कपाटातून मेतकुटाची बरणी सुटली.