शेडपर्यंत वायफाय: चार महिन्यांची नोंदवही

पहिला आठवडा

घरापासून शेड २६० मीटर. नकाशावर मोजलं, मग पावलांनीही मोजलं, कारण वहीत जे लिहायचं ते दोनदा मोजूनच, असं पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवलंय. (हा नियम मी कुठे कुठे मोडला ते पुढे येईलच.) शेडच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे. तिची पातळी घरात बसून दिसावी, एवढीच मूळ हौस. सिम घातलेलं तयार यंत्र मिळतं, हे मलाही माहीत आहे. कृपया कोणी सुचवू नका.

शेडकडे निघण्याआधी घरातलंच वायफाय तपासायला घेतलं. आजवरच्या माझ्या सगळ्या दुरुस्त्या मोबाईलवरच्या दांड्या बघून झालेल्या. तीन दांड्या म्हणजे ठीक, एक दांडी म्हणजे राउटर बंद करून चालू. या वेळी सिग्नल आकड्यात दाखवणारं ॲप घेतलं, चौकटीच्या कागदावर घराचा आराखडा काढला आणि २३ ठिकाणी जाऊन उभी राहिले.

आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात) येतो आणि उणे असतो, त्यामुळे सुरुवातीला उलटं वाटतं. उणे ३० म्हणजे राउटरच्या नाकासमोर. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो. उणे ८० च्या पलीकडे मेसेज गेला तर नशीब. माप लॉगरिदमचं, म्हणून तीन डीबी घटले की शक्ती निम्मी होते आणि दहा घटले की दशांश. म्हणजे उणे ६० आणि उणे ७० यांच्यात तब्बल दहापटीचा फरक, आणि माझा मोबाईल दोन्हीकडे तीनच दांड्या दाखवतो! त्या दिवसापासून दांड्यांकडे बघणं सोडलं.

मागच्या खोलीत उणे ७४ येत होतं. राउटर टीव्हीच्या कपाटात, दार लावलेलं, मध्ये आरसा. आरशामागचा मुलामा धातूचा असतो, तो लहरींना आरपार जाऊ देत नाही. राउटर काढून दारावरच्या फळीवर ठेवला. मागच्या खोलीत उणे ६३. एवढ्याचसाठी मी दोन वर्षं रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारं यंत्र) घ्यायचा विचार करत होते. बरं झालं घेतला नाही. साधा रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो.

राउटरची पॉवर वाढवूनही पाहिली. उपयोग नाही. राउटर मोठ्याने ओरडला म्हणून मोबाईलचा आवाज वाढत नाही, आणि वायफायमध्ये प्रत्येक पाकिटाची (माहितीच्या तुकड्याची) पोच उलट दिशेने यावी लागते. शिवाय प्रत्येक देशाची पॉवरची कायदेशीर मर्यादा असते, ती पाळायचीच. चांगला अँटेना बोलायलाही मदत करतो आणि ऐकायलाही. हे डोक्यात बसलं तिथेच पुढचा सगळा उद्योग ठरला.

तिसरा आठवडा

चॅनेल, म्हणजे राउटर ज्या लहरपट्टीवर बोलतो ती. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्‌झवर आणि प्रत्येकाची रुंदी मात्र वीसच्या आसपास, म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६, ११. माझा राउटर ‘ऑटो’वर होता आणि त्याने स्वतःच्या अकलेने ३ निवडला होता. १ वर शेजारचे दोन, ६ वर तीन, आणि आम्ही मध्ये बसून पाचही जणांच्या पायावर पाय. आता १ वर आहे. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलचं बोलणं कळत नाही, त्याचा नुसता गोंगाट होतो. रुंदी २० वरच ठेवा, ४० करू नका. २.४ मध्ये ४० वापरणं म्हणजे दोन जागा अडवून गाडी लावणं.

पाचवा आठवडा

‘आई, तुझं ते वायफाय परत मेलं.’ मुलीचा ऑनलाइन क्लास चालू होता. सिग्नल उणे ५२, वेगही भरपूर, तरी आवाज तुटत होता. मी तासभर चॅनेल बदलत बसले. शेवटी पिंग (पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं) लावून ठेवला तेव्हा कळलं. एरवी १८ मिलिसेकंद, आणि नवऱ्याच्या मोबाईलने फोटो वर चढवायला घेतले की ६४०.

म्हणजे वडाची साल पिंपळाला. वायफाय निर्दोष होतं. आत येणाऱ्या लाईनच्या तोंडाशी पाकिटांची लांबलचक रांग लागत होती, आणि आवाजाचं चिमुकलं पाकीट पन्नास फोटोंच्या मागे उभं होतं. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास यावर आवाज उठवला, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची रांग आवरायची पद्धत मांडली. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर चढवायची खुली प्रणाली) त्याच घराण्यातला ‘केक’ मिळतो. एसक्यूएम हे रांगा आवरणारं पॅकेज टाकायचं, चढता-उतरता वेग प्रत्यक्ष मोजायचा आणि त्याच्या साधारण ९० टक्के आकडा भरायचा. रांग मग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे शिस्त आपली चालते. आता फोटो चढताना पिंग ३१ येतो. थोडा वेग सोडावा लागला, पण घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सात ते दहा आठवडे: अँटेना

आता मुख्य काम. जुना राउटर माळ्यावर होता, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं. (या प्रकल्पाचं मूळ गमतीचं आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स होतं, म्हणून २००३ मध्ये जीपीएल या खुल्या परवान्याच्या अटीपोटी त्याचा कोड खुला करावा लागला आणि त्यावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं.) हा राउटर शेडमध्ये क्लायंट म्हणून, म्हणजे मोबाईलसारखा ग्राहक बनवून, डब्ल्यूडीएसने (दोन राउटर वायफायनेच पुलासारखे जोडायची पद्धत) घरच्या राउटरला जोडायचा, असा बेत. त्याच्या मूळच्या अँटेनांवर शेडमध्ये उणे ८४ येत होतं आणि दर दोन मिनिटांनी जोडणी तुटत होती.

२.४ च का? सारख्याच गेनचे (एका दिशेला सिग्नल एकवटायच्या ताकदीचे) अँटेना धरले तर ५ गिगाहर्ट्‌झला मोकळ्या हवेतच सात डीबी जादा तोटा होतो, आणि वाटेत झाडं आहेत.

अँटेना बायक्वाड करायचं ठरवलं. तांब्याची जाड तार २४४ मिलिमीटर, तिला ३०.५ मिलिमीटरची एक बाजू धरून आठ बाजू पाडायच्या, म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन चौकोन होतात. एक बाजू म्हणजे पाव तरंगलांबी. मागे १२३ मिलिमीटर चौरस तांब्याची पाटी, तिच्यापासून तार १५ मिलिमीटर वर. मधल्या भागी केबलची मधली तार एका बाजूला, बाहेरची जाळी दुसऱ्या बाजूला. गेन दहा डीबीच्या आसपास मिळतो.

तार वाकवायला वीस मिनिटं लागली, डाग द्यायला दोन संध्याकाळी. २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री टेकवली की पाटी सगळी उष्णता पिऊन टाकायची आणि शिसं राखाडी गोळ्यासारखं नुसतं बसायचं. ६० वॅटची उसनी आणली, पाटी आधी हेअर ड्रायरने तापवली, तेव्हा कुठे शिसं चकचकीत पसरलं.

मल्टिमीटर लावला तर मधली तार आणि जाळी यांच्यात बीप! शॉर्ट झालं समजून मी सगळा डाग उपसून काढला. पुन्हा दिला. पुन्हा बीप. मग कागदावर चित्र काढलं आणि डोक्याला हात लावला. बायक्वाड म्हणजे एक बंद तारच. डीसीला ते शॉर्टच दिसणार, २.४ गिगाहर्ट्‌झला ते तसं नसतं. बीप यायलाच हवी.

ही शिकवणी लगेच कामाला आली. अँटेना शेडवर नेला, केबल फिरवून घट्ट केली, आकडा उणे ९०. साध्या अँटेनापेक्षाही वाईट. अख्खी दुपार अँटेना डावी-उजवीकडे फिरवत बसले. शेवटी केबल राउटरकडून सोडली आणि त्या टोकाला मीटर लावला. बीप नाही. थेट अँटेनावर लावला, बीप. केबल एकटी तपासली, ठणठणीत. म्हणजे दोष जोडात. भिंग घेऊन पाहिलं तर अँटेनाच्या कनेक्टरमध्ये मधोमध भोक, आणि केबलच्या कनेक्टरमध्येही भोक. एक एसएमए जातीचा, दुसरा आरपी-एसएमए जातीचा. आटे अगदी तंतोतंत बसतात, मधली पिन मात्र दोन्हीकडे नाही. भोकाला भोक भेटलं होतं. खरेदी करताना पिन कुठे, भोक कुठे हे डोळ्यांनी बघा, नुसत्या नावावर जाऊ नका.

कनेक्टर बदलला: उणे ८१. हे बरं, पण एवढ्या खटाटोपाला तीन डीबी? मग ध्यानात आलं की मी बायक्वाड इंग्रजी आठसारखा (8) उभा लावला होता, कारण तो तसा शोभून दिसतो. दोन चौकोन उभे रचले की लहर आडव्या ध्रुवणाची, म्हणजे आडवी थरथरणारी, निघते, आणि घरच्या राउटरच्या काड्या उभ्या, म्हणजे त्यांची लहर उभी. अँटेना नव्वद अंशांत फिरवून आठ आडवा केला. जागा तीच, केबल तीच. उणे ७३. त्या क्षणी शेडवर मी एकटीच होते, हे वाईट झालं.

पुढचे चार डीबी उंचीने मिळाले. दोन अँटेनांमध्ये नुसती नजर पोचून भागत नाही, भोवती फ्रेनेल झोन नावाचा फुगीर पट्टा मोकळा लागतो. २६० मीटरला मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे २.८ मीटर, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग रिकामा हवा. माझ्याकडे बरोबर मध्यावर झुडपं आहेत. पाईप १.२ मीटर वाढवला, उणे ६९ झालं. मग तीन मीटरची केबल काढून राउटरच प्लॅस्टिकच्या डब्यात अँटेनाच्या पाठीशी बसवला आणि ४० सेंटीमीटरचा तुकडा वापरला. त्या जातीच्या केबलमध्ये २.४ ला मीटरमागे साधारण एक डीबी जातो. उणे ६६.

शेडमध्ये आता १५ मेगाबिटच्या आसपास वेग मिळतो. पाऊस पडून पानं ओली झाली की आकडा चार-पाचने घसरतो, तरी जोडणी टिकते.

बारावा आठवडा: टाकी

टाकीवर ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी चिप) आणि पाण्याला न घाबरणारा, प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. विजेची तार टाकीवर न्यायची नव्हती म्हणून २६०० एमएएचचा एक १८६५० जातीचा रिचार्जेबल लिथियम सेल. दर पंधरा मिनिटांनी उठायचं, मोजायचं, एमक्यूटीटीने (छोटे निरोप पाठवायची पद्धत) आकडा पाठवायचा आणि पुन्हा झोपायचं.

झोपेत चिप दहा मायक्रोअँपिअरच्या घरात खाते, त्या हिशोबाने सेल महिनोन्‌महिने पुरायला हवा. माझा अकराव्या दिवशी संपला. कोडवर चार रात्री घालवल्या. मग मीटर मालिकेत जोडला तर झोपेतही दहा मिलिअँपिअर. चिप झोपली होती, पण बोर्डावरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर टक्क जागे. दहा मिलिअँपिअर गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला २४०. अकरा दिवसांचं गणित तिथेच सुटलं. आता दिवा आणि यूएसबी नसलेलं नुसतं मॉड्यूल लावलंय.

दुसरी बचत जोडणीच्या वेळेची. उठल्यावर सगळे चॅनेल धुंडाळून, पत्ता मागून जोडायला तीन सेकंद लागायचे. चॅनेल, राउटरची ओळख आणि आयपी पत्ता झोपण्याआधी, झोपेतही न पुसल्या जाणाऱ्या आरटीसी मेमरीत लिहून ठेवला, आता सेकंदाच्या आत काम होतं. चॅनेल ऑटोवर नाही याचा इथेही फायदा झाला.

चौदावा आठवडा: घराबाहेरून

प्रवासात असताना टाकी बघायची तर घरच्या जाळ्यात बाहेरून शिरता यायला हवं. वायरगार्ड (घरच्या जाळ्यात शिरायचा सुरक्षित बोगदा) बसवला, त्यासाठी राउटरमधला पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला, आणि दोन संध्याकाळी काहीच घडलं नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला, १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटसाठी राखून ठेवलेला आहे, म्हणजे कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवलंय. तिथे पोर्ट उघडणं म्हणजे फाटक बंद असताना घराचं दार उघडून ठेवणं. सुटका आयपीव्ही६ ने, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीने झाली. त्यात राउटरला स्वतःचा पत्ता मिळतो, फायरवॉलमध्ये वायरगार्डचा एक पोर्ट सोडला की पुरे. अट एवढीच की आपण जिथून जोडतो तिथेही आयपीव्ही६ हवं. मोबाईलवर आहे, फुकटच्या वायफायवर बहुतेकदा नसतं, मग मी मोबाईलचाच हॉटस्पॉट लावते.

आजची स्थिती

सिग्नल उणे ६७, सेलचं व्होल्टेज ४.०१, टाकी ‘३८ टक्के’. प्रत्यक्षात टाकी काठोकाठ भरून वाहत होती, शेजारच्यांनी हाक मारून सांगितलं. या सेन्सरला वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, पाणी त्याच्या तोंडाशी आलं की तो वाटेल ते सांगतो. रविवारी झाकणावर पाईपचा तुकडा उभा करून सेन्सर तीस सेंटीमीटर वर चढवणार आहे. पाईपच्या आतल्या भिंतीवरून खोटे प्रतिध्वनी येतात का, हे कोणी करून पाहिलं असेल तर पाईपचा व्यास तेवढा कळवा.