आमची वाटचाल : मातीच्या अहवालापासून पानाच्या निदानापर्यंत

कोल्हापुरात शाहूपुरीतील एका गाळ्यात आमची प्रयोगशाळा सुरू झाली, ती माती आणि पाण्याच्या तपासणीसाठी. ऊस उत्पादक लागणीपूर्वी माती आणून देत आणि अहवाल घेऊन जात. पुढच्या लागणीपर्यंत त्यांची गाठ पडत नसे. पॉलिहाऊसमधील टोमॅटोचे उत्पादक येऊ लागल्यावर मात्र ही पद्धत अपुरी पडली, कारण ज्या पिकाला ठिबकमधून सतत खत मिळते, त्याची आजची स्थिती लागणीपूर्वीच्या मातीवरून कळत नाही. म्हणून आम्ही पान परीक्षणाकडे, म्हणजे पानातील अन्नद्रव्ये मोजून पिकाची स्थिती ओळखण्याकडे वळलो.

नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून नव्या पानांकडे सरकतात, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम तसे सरकत नाहीत, त्यामुळे त्यांची लक्षणे शेंड्याकडे दिसतात. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर अनेकदा मॅग्नेशियम कमी दिल्याचा नव्हे, पालाश जास्त झाल्याचा संशय घ्यावा लागतो. शिरोळकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत शेंडा पिवळा पडल्यास ईडीटीएयुक्त लोह फारसे टिकत नाही, ईडीडीएचएयुक्त टिकते (ईडीटीए व ईडीडीएचए हे लोहाला धरून ठेवून पिकाला मिळू देणारे पदार्थ). पण तेही सुचवण्यापूर्वी आम्ही मुळाशी पाणी साचले आहे का, हे पाहतो.

सर्वाधिक विचारणा होते ती फळाच्या बुडाशी पडणाऱ्या काळ्या डागाची. डाग दिसताच कॅल्शियम नायट्रेट वाढवण्याकडे कल असतो आणि पानाच्या अहवालात कॅल्शियम भरपूर निघाले की उत्पादक आमच्याकडेच संशयाने पाहतो. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहते आणि बाष्पोत्सर्जन (पाणी वाफ होऊन बाहेर पडणे) पानांतून अधिक होत असल्यामुळे फळाच्या वाट्याला ते कमी येते. पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या, मुळांजवळचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण) वाढला किंवा अमोनियमयुक्त नत्राचा अतिरेक झाला, तर ही तूट आणखी वाढते. पावसाळ्यात पडदे बंद राहून आत दमटपणा कोंडला, की झाडाचे पाणी ओढणेच मंदावते. अशा वेळी हवा खेळती ठेवणे आणि पाळ्या नियमित करणे हाच उपाय असतो. आमच्या शिफारशीत खताची ओळच नसते, हे काही जणांना अजून पटत नाही.

आता पानाच्या नमुन्यासोबत आम्ही खताचे वेळापत्रक आणि ठिबकच्या पाण्याच्या ईसी व सामूच्या (पीएच) नोंदी मागतो. नोंदी नसतील तर अहवाल देतो, शिफारस देत नाही.